१९६६ ची मस्टँग: तिन्ही काटे एकदम वर जातात

एडिसनकर

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, कारण चार महिने यात गेलेत.

माझ्याकडे १९६६ ची फोर्ड मस्टँग आहे. दोन दारांची, २८९ घन इंचांचं व्ही-एट इंजिन. गाडीच्या चॅसिस नंबरातलं दुसरं अक्षर टी, म्हणजे ती मेटचनच्या कारखान्यातली. कारखान्याचं नाव मेटचन, जागा मात्र आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, रूट १ वर. २००४ साली तो बंद झाला. आपली गाडी आपल्याच गावात तयार झाली हे कळल्यापासून तिच्यावर माझा फार जीव आहे.

आता दुखणं सांगतो. थंडीच्या सुरुवातीला इंजिन तापल्याचा काटा दहा मिनिटांत लाल टोकाकडे जायला लागला. एका गॅरेजात नेली. त्यांनी थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर धुतला, मग इंजिनावरचा, काट्याला तापमान कळवणारा सेंडरही बदलला. काटा तिथेच. शेवटी मी स्वतः रेडिएटरच्या वरच्या नळीवर तापमापक धरला, तर ८५ अंश सेल्सियस. इंजिन ठणठणीत आहे आणि काटा मात्र उकळतंय म्हणतो.

मागच्या शनिवारी पेट्रोलचा काटा निम्म्याच्या वर असताना गाडी रूट १ वर बंद पडली. टाकी कोरडी. मुलगी सोबत होती, बाजूने ट्रक जात होते. त्या अर्ध्या तासात मी फार घाबरलो होतो.

ऑइल प्रेशरचा काटाही पूर्वीपेक्षा वर असतो. अँपिअर मीटर आणि स्पीडोमीटर नीट आहेत. टाकीतला, काट्याला पेट्रोलची पातळी कळवणारा फ्लोट नवा मागवला आहे. टाकी उतरवण्याआधी कोणी काही सुचवेल का?

पन्हाळा

चार्जिंग तपासलं का? आमच्याकडे जुन्या गाड्यांत रेग्युलेटर बिघडला की बॅटरीला जास्त व्होल्ट जातात आणि दिवे भगभगतात. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावा.

एडिसनकर

लावला. बंद असताना १२.४, चालू असताना १४.१. रेस वाढवली तरी १४.१ च.

अबोली

एडिसनकर, टाकी उतरवू नका. फ्लोट आला तर तसाच ठेवून द्या.

मी मिशिगनमध्ये असते. बरीच वर्षं डॅशबोर्डच्या मीटर-पॅनेलचं काम केलंय आणि घरी वडिलांनी सांभाळलेली १९६७ ची मस्टँग आहे, म्हणून थोडं खोलात लिहिते.

पन्हाळा म्हणतात तो रेग्युलेटर वेगळा. तो अल्टरनेटरचा, बॉनेटखाली असतो, आणि १४.१ म्हणजे तो चोख काम करतोय. या गाडीत दुसरा एक रेग्युलेटर आहे. डॅशबोर्डच्या मागे, मीटरच्या पत्र्यावर एका स्क्रूने बसवलेला, काडेपेटीपेक्षाही लहान पत्र्याचा डबा. पेट्रोल, तापमान आणि ऑइल या तिन्ही मीटरना करंट त्याच्यातूनच जातो. अँपिअर मीटरचा त्याच्याशी संबंध नाही. स्पीडोमीटर तर केबलवर चालतो. तुमचे नेमके तेच तीन काटे वर आहेत आणि नेमके तेच दोन मीटर बरोबर आहेत. तीन सेंडर एकाच महिन्यात एकाच दिशेने बिघडत नाहीत.

हा डबा करतो काय? त्या काळच्या फोर्डच्या मीटरमध्ये काट्यामागे दोन धातूंची जोडपट्टी असते आणि तिच्यावर बारीक तारेचा वेढा. करंट गेला की तार तापते, पट्टी वाकते, काटा सरकतो. चावी फिरवल्यावर काटे सावकाश वर येतात ते यामुळेच. पण अशा मीटरला थेट बॅटरी जोडली तर बॅटरीच्या व्होल्टबरोबर काटाही हलेल. चावी नुसती लावली तर वेगळं, इंजिन चालू केलं तर वेगळं. म्हणून मध्ये हा डबा. त्याच्या आतही तशीच जोडपट्टी आणि एक कॉन्टॅक्ट पॉइंट आहे. पट्टी तापली की पॉइंट उघडतो, निवली की मिटतो. अशी सतत उघडझाप होत मीटरना साधारण ५ व्होल्टचा परिणाम मिळतो. बॅटरी १२ असो की १४, पट्टी त्या मानाने लवकर किंवा उशिरा उघडते.

हा डबा दोन तऱ्हेने दगा देतो. पॉइंट उघडाच राहिला तर तिन्ही काटे खाली पडून राहतात. पॉइंट चिकटला तर पूर्ण १४ व्होल्ट मीटरमध्ये जातात आणि तिन्ही काटे वर. तुमचं दुसरं दिसतंय, आणि ते जास्त वाईट. काट्यामागची तार इतक्या व्होल्टसाठी केलेलीच नाही, ती जळते. हे दुरुस्त होईपर्यंत गाडी शक्यतो चालवू नका.

आता महत्त्वाचं. डबा पत्र्याला स्क्रूने आवळलेला असतो तो नुसता टिकून राहावा म्हणून नाही. त्याच्या आतल्या तापणाऱ्या तारेची अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीशी जोडणी, त्या स्क्रूतून जाते. अर्थ तुटली तर तार तापतच नाही, पट्टी वाकत नाही, पॉइंट मिटलेला राहतो. डबा चांगला असूनही काटे वर! म्हणून नवा मागवण्याआधी एक वायर घ्या, एक टोक डब्याच्या पत्र्याला, दुसरं टोक डॅशबोर्डखालच्या उघड्या लोखंडाला, आणि काय होतं ते बघा.

सोल्डरमामा

अबोलीताईंनी सगळं नेमकं लिहिलं. मी पुण्यात चाळीस वर्षं रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले. मस्टँगला हात लावलेला नाही, पण या डब्याचा आवाज ऐकलाय. अशा गाड्यांतला एएम रेडिओ लावला की स्टेशनच्या मागे टिक... टिक... येतं. ती या पॉइंटची ठिणगी. म्हणून कंपनी तिथे कंडेन्सर किंवा चोक लावायची. एडिसनकर, तुमच्या रेडिओत टिकटिक येते का? येत नसेल तर पॉइंट हलतच नाही असं समजा.

डिजिटल मल्टिमीटर लावाल तर आकडे नाचताना दिसतील, त्यावर ५ शोधत बसू नका. काट्याचा जुना मीटर असेल तर तो लावा. काटा झोके घेतोय म्हणजे डबा जिवंत आहे.

एडिसनकर

काका, रेडिओ मूळचाच आहे आणि तो हल्ली अगदी स्वच्छ वाजतो! मला वाटायचं मी नवी अँटेना लावली त्याचा गुण.

उद्या सुट्टी आहे. पॅनेल काढतो. काही जपायचं असेल तर सांगा.

अबोली

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. अँपिअर मीटरच्या मागून बॅटरीची जाड वायर जाते, पाना टेकला तर फ्यूज वाचवणार नाही. स्टिअरिंगच्या नळीवर जाड टॉवेल गुंडाळा, नाहीतर पॅनेल पुढे ओढताना रंग जातो. स्पीडोमीटरची केबल मागून हाताने सोडवावी लागेल, तिथे घाई करू नका. प्रत्येक वायर काढण्याआधी फोटो काढून तिला चिकटपट्टीवर नाव लिहा.

मीटरच्या मागच्या बोल्टवरचे नट फार लहान असतात. नट फिरवताना बोल्ट फिरला तर आतली तार तुटते आणि मीटर गेला. अडलं तर तेलाचा थेंब सोडा, जोर लावू नका.

ऑक्सफर्डवाला

थोडं विषयांतर, पण ब्रिटिश गाडीवाल्यांच्या उपयोगी पडेल. माझ्याकडे १९६६ ची एमजीबी आहे, अॅबिंग्डनला बनलेली. आमच्याकडे या डब्याला व्होल्टेज स्टॅबिलायझर म्हणतात. स्मिथ्स कंपनीचा असतो आणि ५ ऐवजी १० व्होल्टचा. तत्त्व तेच. अगदी सुरुवातीच्या एमजीबींमध्ये तो नव्हता, चुंबकावर चालणारा पेट्रोल मीटर होता. १९६४ च्या शेवटी जोडपट्टीचा मीटर आला आणि त्याबरोबर हा डबा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, जुना डबा कसाही आडवा बसवता येत नाही. त्यावर वरची बाजू कुठली ते लिहिलेलं असतं आणि मॅन्युअलमध्ये उभ्यापासून २० अंशांच्या आत ठेवा असं आहे. आतली पट्टी उष्णतेवर चालते आणि उष्णता वर चढते, म्हणून दिशा बदलली की हिशेब बदलतो.

दुसरी माझ्या अंगावर आलेली. १९६७ च्या शेवटापर्यंत एमजीबीला पॉझिटिव्ह अर्थ असायची, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला. जुन्या डब्याला त्याने फरक पडत नाही, तापणाऱ्या तारेला प्लस-मायनस नसतं. पण नवा इलेक्ट्रॉनिक डबा घ्याल तर त्याला पडतो. मी खोक्यावरचं न वाचता निगेटिव्ह अर्थचा लावला आणि चावी फिरवताच तो गेला. दोन्ही प्रकारचे मिळतात, बघून घ्या.

पन्हाळा

एक शंका. सेंडरची वायर काढून बॉडीला टेकवायची, काटा फुलच्या खुणेवर गेला तर मीटर चांगला, असं आम्ही करतो. इथे चालेल का?

सोल्डरमामा

रेग्युलेटर चांगला असेल तर क्षणभर चालेल. एडिसनकरांच्या गाडीत आत्ता बिलकुल नको! १४ व्होल्ट थेट मीटरमधून अर्थला जातील.

त्यापेक्षा सोपी युक्ती सांगतो. मोबाइलचा जुना यूएसबी चार्जर घ्या, तो बरोबर ५ व्होल्टचा. केबलचं टोक कापा, लाल वायर प्लस, काळी मायनस. मीटर पॅनेलमधून सोडवून टेबलावर ठेवा आणि मीटरबरोबर एका रांगेत १० ओहमचा रेझिस्टर लावा, २ वॅट किंवा मोठा, छोटा तापून काळा पडेल. या फोर्डच्या टाकीतला फ्लोट भरलेल्या टाकीला साधारण १० ओहम आणि रिकाम्या टाकीला ७३ ओहम देतो. म्हणजे १० ला काटा फुलवर यायला हवा. मग १० काढून ७५ ओहमचा लावा, काटा रिकाम्यापाशी यायला हवा. मिनिटभर थांबा, काटा आळशी आहे.

गाडीशिवाय, पेट्रोलशिवाय, घरात बसून मीटर तपासला जातो.

एडिसनकर

पॅनेल काढलं. सकाळी नऊला सुरू केलं, केबल सुटायलाच पाऊण तास गेला. जे दिसलं ते क्रमाने सांगतो.

मागचा पत्रा कोणीतरी आधी कधीतरी फार देखणा रंगवला आहे. आतून पांढरा, दिव्यांचा उजेड वाढावा म्हणून. बाहेरून राखाडी. आणि रेग्युलेटरचा स्क्रू त्या रंगावरच आवळलेला! मल्टिमीटरने डबा आणि बॉडी यांच्यात बघितलं तर जोडणीच नाही.

मग पॅनेल अर्धवट बाहेर लोंबकळत ठेवून बॅटरी जोडली आणि रेग्युलेटरच्या बाहेर जाणाऱ्या टोकाला मीटर लावला. सलग १२.३. एकदाही हलला नाही. इंजिन चालू केलं नाही, भीती वाटली.

अबोलीताई, मग तुमची वायर लावली. एक टोक डब्याला, एक डॅशबोर्डच्या लोखंडी पट्टीला, दोन्हीकडे मगरी क्लिप. चार-पाच सेकंद काही नाही, आणि मग मीटरवरचे आकडे नाचायला लागले. रेडिओ लावला. टिक, टिक, टिक. मुलीला बोलावून ऐकवलं. पेट्रोलचा काटा हळूहळू खाली आला आणि खालच्या पावाजवळ थांबला. टाकीत त्या दिवशी टाकलेलं जेमतेम ४ गॅलन आहे, टाकी १६ गॅलनची. बरोबर!

पण साधारण दहा मिनिटांनी टिकटिक थांबली आणि काटे पुन्हा वर चढले. बोटाने डब्यावर टिचकी मारली, पुन्हा सुरू. मग पुन्हा बंद. म्हणजे अर्थ नव्हती हे खरं, आणि पॉइंटही खराब आहे हेही खरं. असंच ना?

अबोली

असंच. अर्थ नसताना पॉइंट किती महिने मिटलेला होता कोण जाणे, आता नीट उघडत नाही. डबा बदला. पण नुसता डबा बदलला असता तर काय झालं असतं बघा. नवा डबा रंगावर बसला असता, काटे तसेच वर राहिले असते आणि तुम्ही नव्या डब्याला दोष देऊन परत पाठवला असता. इलेक्ट्रॉनिक डब्यालाही अर्थ तेवढीच लागते, ती नसली तर त्याच्यातूनही जवळजवळ बॅटरीचेच व्होल्ट पुढे जातात.

पॉलिश पेपरने स्क्रूभोवतीचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढा, आणि तरीही एक वेगळी अर्थची वायर स्क्रूखालून बॉडीपर्यंत न्या. पॅनेलच्या दिव्यांनाही तिचा फायदा होईल.

सोल्डरमामा

नवा विकत कशाला घेता? जुना डबा कडेने उकला, आतली पट्टी काढा आणि ७८०५ हा तीन पायांचा आयसी बसवा. पुण्यात कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चहाच्या किमतीच्या आसपास मिळतो. पहिला पाय आत येणारे व्होल्ट, मधला अर्थ, तिसरा ५ व्होल्ट. मागचा धातूचा पत्रा अर्थलाच जोडलेला असतो, त्यामुळे डब्याला बोल्टने आवळला की अर्थही मिळाली आणि उष्णताही गेली. आत येणाऱ्या बाजूला ०.३३ आणि बाहेरच्या बाजूला ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आयसीच्या पायांपाशीच लावा. आत येणाऱ्या वायरीत १एन४००७ डायोड घाला, बॅटरी उलटी लागली तर आयसी वाचेल.

उष्णतेचा हिशेब करून ठेवा. तिन्ही मीटर मिळून अर्धा अँपिअर धरला तर १४ वजा ५ गुणिले ०.५, साडेचार वॅट. हे थोडे नाहीत. आयसी नुसता हवेत लोंबकळत ठेवला तर तापून स्वतःला बंद करून घेईल. डब्याला घट्ट आवळायचाच.

ऑक्सफर्डवाले, हे पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीला चालणार नाही.

एडिसनकर

काका, सगळं लिहून घेतलं. पण तो डबा मी उकलणार नाही. त्यावर फोर्डचा शिक्का आहे आणि तो इथूनच, याच रस्त्यावरून गाडीत बसून निघालेला असावा. पिशवीत घालून, तारीख लिहून ठेवून दिला. इलेक्ट्रॉनिक नवा मागवला आहे.

पन्हाळा

मामा, मी मात्र तुमचा ७८०५ करून बघणार. गाडीत नाही, आधी टेबलावर.

एडिसनकर

डबा येईपर्यंत तिन्ही मीटर काकांच्या यूएसबी चार्जरवर तपासले. तापमानाचा १० ओहमला बरोबर गरम टोकाला. पेट्रोलचा फुलच्या रेघेपेक्षा काट्याच्या जाडीइतका वर. चार महिने इतका मार खाऊनही तार शाबूत आहे याचंच मला समाधान आहे, त्याला हात लावणार नाही. ऑइलचाही ठीक.

काल डबा आला. रंग खरवडला, स्क्रूखाली अर्थची वायर घातली, ती डॅशबोर्डच्या आधारपट्टीच्या बोल्टला नेली. आवळल्यावर डबा ते बॅटरीचं मायनस मोजलं, ०.२ ओहम. मग चावी. बाहेरच्या टोकाला ५.०२. इंजिन चालू केलं, अल्टरनेटर १४.१ वर, बाहेर ५.०२. रेस दिली, ५.०२. त्या आकड्याकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो.

मग टाकी. आधी सगळं पेट्रोल काढलं, मग ४-४ गॅलन घालत प्रत्येक वेळी पाच मिनिटं थांबून काट्याचा फोटो घेतला. ४ ला पावाच्या किंचित वर. ८ ला निम्म्याच्या थोडा वर. १२ ला पाऊण बरोबर. १६ ला फुलच्या रेघेवर. हे चार फोटो छापून हातमोज्यांच्या कप्प्यात ठेवणार आहे, पुढे गाडी मुलीकडे गेली तर तिला कळेल.

तापमानाचा काटा अर्धा तास चालवूनही मध्याच्या खाली. नळीवर ८६ अंश.

एकच राहिलं. ऑइलचा काटा आता फारच खाली दिसतो. इंजिन गरम झाल्यावर पहिल्या रेघेलाही पोचत नाही. पूर्वी १४ व्होल्टमुळे वर दिसायचा आणि खरं प्रेशर कमीच आहे की काय?

अबोली

आधी खात्री करा, गाडी तोवर उभी ठेवा. सेंडर काढून त्याच भोकात नळीचा यांत्रिक प्रेशर मीटर लावा आणि गरम इंजिनावर बघा. गाड्यांच्या सामानाच्या बऱ्याच दुकानांत तो वापरून परत करण्याच्या बोलीवर मिळतो.

एक विचारते. तो सेंडर कोणी अलीकडे काढला होता का? आट्यांवर पांढरा टेप गुंडाळलेला दिसतो का? त्या सेंडरला दुसरी वायर नसते, त्याची अर्थ आट्यांमधूनच इंजिनाला मिळते. टेप जास्त गुंडाळला तर कधी कधी ती अर्थ अर्धवट राहते आणि काटा खाली दिसतो.

एडिसनकर

यांत्रिक मीटरवर गरम इंजिन, रेस थोडी वाढवून ४५ पौंड. प्रेशर उत्तम आहे. आणि हो, आट्यांवर टेप होता, चांगले पाच-सहा वेढे. गॅरेजने तेव्हा तेलाचा पाझर थांबवायला लावला असावा. सगळा काढला, आटे तारेच्या ब्रशने घासले, टेपऐवजी पातळ सीलंट फक्त मधल्या आट्यांना लावून सेंडर परत बसवला. काटा मध्यावर आला. खाली कागद अंथरून रात्रभर गाडी ठेवली, सकाळी एक थेंबही नव्हता.

फ्लोट न उघडता परत पाठवतोय.